ऑनलाइन खरेदीत बँक ट्रान्सफरने गेलेले पैसे : बडोद्यात तक्रार कुठे, कागद कोणते, परतावा कसा

जुना सोफा, एसी किंवा स्कूटरची जाहिरात दिसते. विकणारा म्हणतो, 'आधी टोकन टाका.' मग 'गेटपास', मग 'डिलिव्हरीचे परत मिळणारे डिपॉझिट', आणि तिसऱ्या ट्रान्सफरनंतर फोन बंद. दांडिया बाजारातला असो की मांजलपूरचा, फसलेला माणूस आधी बँकेच्या शाखेत धावतो आणि ऐकतो, 'पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार?' हे उत्तर निम्मेच खरे आहे. बँक खिशातून भरपाई देणार नाही, पण समोरच्या खात्यात जे शिल्लक असेल ते अडवता येते आणि नंतर सोडवूनही घेता येते.

ही दोन वेगळी कामे आहेत. अडवण्याचे काम तासांत होते किंवा होतच नाही. सोडवण्याचे काम महिने खाते आणि त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. 'रक्कम होल्ड झाली' असे कळले की अनेकजण पैसे आपोआप खात्यात येतील म्हणून वाट पाहत बसतात. अर्ज केला नाही तर ती रक्कम तशीच पडून राहते.

आधी प्रकार ओळखा

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत व्यवहारावर हरकत घेऊन चार्जबॅक, म्हणजे रक्कम उलटी फिरवून, मागता येतो. बँक ट्रान्सफरला ती सोय नाही. एनईएफटी किंवा आयएमपीएसने एकदा जमा झालेली रक्कम, ज्याच्या खात्यात गेली त्याच्या संमतीशिवाय किंवा कायदेशीर आदेशाशिवाय, बँक उलटी फिरवत नाही.

विक्रेता खरा आहे, कंपनी जागेवर आहे, पण माल खराब आला किंवा रिफंड अडकला, तर तो सायबर गुन्हा नव्हे, ग्राहक तक्रार आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हा मार्ग सायबर ठाण्यात नेला तर वेळ जातो, आणि सायबरचा मार्ग ग्राहक हेल्पलाइनवर नेला तर पैसे जातात.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, बाहेरच्या कोणी तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ४ ते ७ कामकाजी दिवसांत कळवले तर जबाबदारी ठरावीक मर्यादेपुरती राहते. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७चे आहे, तेव्हा 'आमची सहकारी बँक, आम्हाला ते लागू नाही' हे उत्तर मान्य करू नका. पण पिन तुम्हीच टाकला, लाभार्थी तुम्हीच जोडला, तर हे संरक्षण मिळत नाही, मग समोरच्याने कितीही खोटे सांगितलेले असो.

पुष्कळ प्रकरणे मिश्र असतात. पहिले ५,००० टोकन म्हणून स्वतः पाठवलेले, आणि नंतर 'ट्रॅकिंग ॲप' म्हणून आलेली फाइल मोबाइलमध्ये टाकल्यावर ४०,००० आपोआप गेलेले. अशा वेळी बँकेला एकच सरसकट तक्रार दिली की पूर्ण प्रकरणावर 'ग्राहकाने स्वतः पाठवले' असा शेरा बसतो. दोन व्यवहार वेगळे मांडा. ४०,०००साठी २०१७च्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी मागणी करा.

पहिला तास

१९३० हा क्रमांक लावा. फोन राज्याच्या पोलिसांकडे जातो. गुजराती किंवा हिंदीत बोलता येते. पात्रतेची भानगड नाही. किमान रक्कम नाही, वयाची अट नाही, आणि आईवडिलांच्या खात्यातून गेले असतील तर त्यांच्या वतीने मुलगाही सांगू शकतो. हाताशी हवे ते इतकेच : तुमच्या बँकेचे नाव व खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ व रक्कम, ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर पैसे गेले तो तपशील, आणि यूटीआर.

यूटीआर म्हणजे बँकेच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक, व्यवहाराचा खरा पत्ता. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये तो १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ अक्षर-अंकी आणि आरटीजीएसचा २२. ॲपमध्ये मोठ्या अक्षरात दिसतो तो बहुधा ॲपचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी असतो. बँकेला तो उपयोगाचा नाही. स्क्रीनशॉट नीट वाचून १२ अंक मोजा. एक अंक चुकला तर तक्रार नोंदली जाते, पण समोरच्या बँकेला व्यवहार सापडत नाही. तोवर पैसे पुढे निघून जातात. तीन व्यवहार असतील तर तिन्हींचे यूटीआर द्या; केवळ बेरीज सांगून भागत नाही.

घाई का, ते समजून घ्या. पैसे ज्या खात्यात जातात ते बहुतेकदा कमिशनवर भाड्याने दिलेले कोणाचे तरी खाते असते. तिथून रक्कम तुकड्यांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत जाते आणि शेवटी एटीएममधून निघते. १९३०ची तक्रार गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतून बँकाबँकांत त्याच साखळीने पाठलाग करते आणि जिथे शिल्लक सापडेल तिथे अडवते. म्हणून ४८,००० गेलेल्याला '११,२०० होल्ड' असा निरोप येऊ शकतो. उरलेले कोणी दडपले असे नाही. पाठलाग पोचण्याआधीच ते निघून गेले. रविवार किंवा रात्र म्हणून थांबू नका. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९पासून चोवीस तास चालते, आणि चोरांचा माणूस एटीएमसमोर उभाच असतो.

१९३०नंतर लगेच आपल्या बँकेच्या हेल्पलाइनलाही कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. 'खात्यावरचे नाव तर मी दिलेल्या नावाशी जुळत नव्हते, मग बँकेने पैसे जमा केलेच कसे?' हा प्रश्न रास्त वाटतो, पण बँका जमा करतात ते खाते क्रमांक पाहून, नाव पाहून नव्हे. त्यावर भांडण्यात अर्धा दिवस घालवू नका.

पोर्टलवरची तक्रार

फोननंतर एसएमएसने येणारा १४ अंकी पोच क्रमांक जपून ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. सर्चमध्ये वर आलेली पहिली लिंक उघडू नका. पत्ता 'गव्ह डॉट इन'नेच संपला पाहिजे. घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे हवे आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत. रुपयाचे चिन्ह, टक्के किंवा ॲटचे चिन्ह असलेला यूपीआय आयडी वर्णनात टाकला की फॉर्म अडतो आणि माणूस वैतागून सोडून देतो. आयडी त्याच्या स्वतंत्र रकान्यात भरा.

वर्णन तारीखवार, कोरडे ठेवा : जाहिरात कुठे, कोणत्या नंबरवरून बोलणे, कधी किती पाठवले, वस्तू मिळाली नाही. पुरावा म्हणून जाहिरात, प्रोफाइलची लिंक, पूर्ण चॅट, कॉल लॉग आणि बँक स्टेटमेंट जोडा. रागाच्या भरात चॅट डिलीट करणे किंवा नंबर ब्लॉक करून संभाषण पुसणे, ही या सगळ्यातली सर्वांत महागात पडणारी सवय.

ठाण्यातले तीन शब्द

शहरातल्यांनी बडोदा शहर पोलिसांच्या सायबर क्राइम ठाण्यात किंवा राहत्या भागाच्या ठाण्यात जावे. पादरा, डभोई, करजणकडच्यांसाठी ग्रामीण पोलीस आहेत. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

इथे भाषेचा घोळ होतो. गुजरातीत 'अरजी' म्हणजे नुसता अर्ज, 'जाणवाजोग' म्हणजे माहितीसाठी केलेली नोंद, आणि 'फरियाद' म्हणजे आपली फिर्याद, एफआयआर. मराठी घरातला माणूस 'तक्रार दिली' म्हणून समाधानाने परततो आणि हातात असतो तो जाणवाजोगचा कागद. तुम्हाला काय मिळाले ते वाचून घ्या. फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड ही कलमे दिसावीत. अरजी असेल तर निदान शिक्का आणि इनवर्ड क्रमांक असलेली पोच घ्या.

अडवलेली रक्कम सोडवणे

काही दिवसांनी ठाण्यात जाऊन तपासणाऱ्याकडून होल्डचा तक्ता मागा. कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात, किती रक्कम अडली आहे, ते त्यात असते. तेव्हाच विचारा की तुमच्या रकमेला कोर्टाचा आदेश लागेल का. लहान रकमांची वाट थोडी सोपी असते.

आदेश लागत असेल तर अर्ज त्या ठाण्याच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली करतात. खटला उभा राहिला असेल तर ४९७ खाली. जुन्या फॉर्मात ४५७ आणि ४५१ छापलेले असते. ती १ जुलै २०२४च्या आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे. कलम ५०३ मुळे दोषारोपपत्राची वाट पाहावी लागत नाही. गुजरातमध्ये असे अर्ज लोकअदालतीतही निकाली निघतात, आणि 'तेरा तुझको अर्पण' या पोलिसांच्या कार्यक्रमात लोकांना त्यांचा मुद्देमाल परत दिला जातो. पुढची लोकअदालत कधी, हे तपासणाऱ्यालाच विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

अर्जाला जोडायचे कागद :

– पोर्टलच्या पोच क्रमांकाची प्रत, आणि फिर्याद किंवा अरजीची प्रत
– घटनेच्या महिन्याचे बँक स्टेटमेंट, शाखेचा सही-शिक्का असलेले. मोबाइलवरून काढलेले पीडीएफ अनेकदा परत येते
– होल्डचा तक्ता आणि पोलिसांचा अभिप्राय
– ओळख आणि पत्त्याचा पुरावा
– प्रतिज्ञापत्र, गुजरातमध्ये कागदी स्टॅम्प पेपर १ ऑक्टोबर २०१९पासून बंद आहे, ई-स्टॅम्प घ्यावा लागतो
– इतर कोणाचा हक्क सिद्ध झाल्यास रक्कम परत करीन असा बाँड, कोर्ट मागेल तर
– रद्द केलेला चेक

शेवटच्या कागदावर विशेष लक्ष द्या. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्याचा चेक लावा. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, पण बडोद्यातल्या कितीतरी कपाटांत त्यांची जुनी चेकबुके अजून आहेत. जुना आयएफएससी आदेशात गेला तर रक्कम जमा होत नाही आणि दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्ट. नवीन चेकबुक नसेल तर आधी ते मागवा.

अर्जात मागणीची रक्कम होल्डइतकीच लिहा, नुकसानीइतकी नव्हे. ४८,००० गेले आणि ११,२०० अडले असतील, तर ४८,०००चा आदेश कोणतीही बँक पाळू शकत नाही. होल्ड तीन बँकांत असेल तर आदेशात तिन्ही बँका, खाते क्रमांक आणि रकमा स्वतंत्र याव्यात, हे वकिलाला सांगा. एकाच खात्यात अनेकांचे पैसे अडकलेले असले की वेळ लागतो. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की ती पोलिसांमार्फत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते. स्वतः शाखेत नेली तर शाखा ती पुन्हा पोलिसांकडेच पाठवते.

मधल्या काळातले धोके

तक्रारीनंतर पंधरा दिवसांनी 'रिकव्हरी सेल'मधून फोन येतो, फाइल पुढे सरकवायला ३ टक्के मागतात. १९३०, पोर्टल किंवा पोलीस कोणीही रक्कम सोडवण्यासाठी फी घेत नाही. ओटीपी तर अजिबात नाही.

दुसरा धोका कमी ओळखीचा. पैसे गेलेले खाते गोठल्यावर कधी फसवणाराच फोन करतो : 'तक्रार मागे घ्या, निम्मे आत्ता पाठवतो.' तो पाठवेल ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असू शकतात, आणि मग त्या तक्रारीच्या साखळीत तुमचेच खाते होल्डवर जाते. तडजोड करायचीच असेल तर ती तपास अधिकाऱ्यामार्फत आणि लेखी.

बँक दाद देत नसेल तर

बँकेला लेखी तक्रार करून ३० दिवस उलटले किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी टोल-फ्री १४४४८. 'पैसे गेले' एवढ्यावर लोकपाल काही करत नाही. बँकेची चूक दाखवावी लागते. उदाहरणार्थ, तुम्ही सकाळी ११ला कळवले आणि बँकेने संध्याकाळपर्यंत हालचाल केली नाही, किंवा मिश्र प्रकरणात २०१७चे परिपत्रक लावलेच नाही. त्यासाठी हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक आणि वेळ हाच पुरावा. पोलिसांत प्रकरण चालू आहे म्हणून लोकपाल बंद होत नाही. शाखेत कोणी तसे सांगितले तरी अर्ज करा.