स्नोमोबाईलचं पुढचं सस्पेन्शन: नुकसान आणि फ्रेमची मजबुती

स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की, मागे इंजिनावर फिरणारा रुंद रबरी पट्टा अशी बर्फावर पळणारी गाडी. आपल्याकडचे पर्यटक गुलमर्ग-मनालीला जाऊन जिच्यावर बसतात ती स्नो स्कूटर हीच, आणि सियाचिनला लष्करही वापरतं. पण या गाडीचं खरं घर म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग. क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांची स्की-डू 1959 साली बाजारात आली, त्याच्या थोडं आधी मिनेसोटातल्या रोझो गावात पोलारिस या कंपनीवाल्यांनी आपल्या गाड्या बनवायला सुरुवात केली होती. तिथे जंगलातून शेकडो किलोमीटरच्या वाटा असतात आणि बर्फाखाली काय दडलंय हे वरून दिसत नाही. झाडाचा बुंधा, दगड, नाल्याची कड, पडलेलं कुंपण, काहीही असू शकतं, आणि सगळ्यात आधी मार बसतो तो स्की आणि त्यामागच्या सस्पेन्शनला.

सुरुवातीच्या गाड्यांना पुढे फक्त पाटे असायचे, म्हणजे स्कीवर लोखंडी पाटा, त्यावर स्पिंडल, म्हणजे स्कीला गाडीशी जोडणारा आणि वळवणारा उभा दांडा, आणि संपलं. आराम शून्य, पण मोडायलाही फार काही नव्हतं. 1980 च्या आसपास पोलारिसने टीएक्स-एल इंडीला दोन्ही स्की वेगवेगळ्या वरखाली होतील असं सस्पेन्शन दिलं. त्यात एक लांब दांडा, म्हणजे ट्रेलिंग आर्म, मागून पुढे स्पिंडलपर्यंत यायचा आणि आडव्या रॉडनी स्की जागेवर धरून ठेवलेली असायची. यामाहाच्या फेझरने 1984 मध्ये टेलिस्कोपिक नळ्यांचा वेगळा प्रकार आणला. नंतर मात्र हळूहळू सगळेच ए-आर्मकडे वळले, म्हणजे कारसारखे वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी आर्म, मध्ये शॉक, म्हणजे धक्का गिळणारा दांडा (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारा गोल सांधा, आणि स्पिंडल. आतली टोकं बोल्टने जिथे बसतात त्या पुढच्या सांगाड्याला बल्कहेड म्हणतात. बल्कहेडच्या मागे टनेल, म्हणजे पट्ट्यावर उलटा ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा लांब चॅनल. बहुतेक गाड्यांची फ्रेम म्हणजे हे दोन भाग आणि वरून हँडलपर्यंत आलेल्या नळ्या, एवढंच.

लोकांचा एक गैरसमज असतो की पुढे महागडे शॉक बसवले की धडकेची काळजी मिटली. शॉक काम करतो वरखाली. उडी मारून गाडी जमिनीवर आली, खड्डा आला, तर तो धक्का शॉक गिळतो, साधारण 20 ते 25 सेंटिमीटर हालचाल त्याच्याकडे असते. पण बुंध्याला स्की समोरून आपटली तर जोर येतो मागच्या दिशेने, आणि त्या दिशेला शॉक जवळजवळ काहीच करू शकत नाही. स्कीचं टोक वर वळलेलं असतं त्यामुळे छोट्या अडथळ्यावर ती चढून जाते, तेवढीच काय ती मदत. बाकी सगळा जोर आर्ममधून सरळ बल्कहेडच्या बोल्टवर जातो. चालवणाऱ्यासकट गाडी साधारण 350 किलोची धरली आणि वेग 40 चा 80 झाला तर धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

नुकसानीचा पण एक क्रम असतो. आधी टाय रॉड (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणारा दांडा) किंवा खालचा ए-आर्म वाकतो, मग स्पिंडल, मग बॉल जॉइंट निसटतो, आणि तरीही जोर उरला तर बल्कहेडची बोल्टची भोकं लांबट होतात, रिव्हेट ढिले होतात, पत्र्याला सुरकुती पडते. आर्म वाकणं ही वाईट गोष्ट नाहीये, उलट तो वाकावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, घरातल्या फ्यूजसारखा. आर्म बदलणं म्हणजे तीन-चार बोल्टचं काम, बल्कहेड बदलायचं तर इंजिन उतरवावं लागतं, चेनकेस, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या साखळीची पेटी, काढावा लागतो, बरेच रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात आणि जुन्या गाडीत तेवढा खर्च परवडतच नाही. त्यामुळे आर्म जास्त दणकट केला आणि बल्कहेड तसंच ठेवलं तर पुढच्या धडकेत स्वस्त पार्ट वाचतो आणि महागडा जातो. हौशी लोक नेमकं हेच करून बसतात.

धडक बसल्यावर नुसतं वरवर बघून कळत नाही. गाडी सरळ चालवताना हँडल तिरकं राहतंय का हे पहिलं बघायचं. मग टेप घेऊन टनेलच्या मागच्या कोपऱ्यापासून दोन्ही स्पिंडलपर्यंतचं अंतर मोजायचं, डाव्या-उजव्यात फरक आला तर काहीतरी सरकलंय. स्की उचलून धरून मागेपुढे हलवली की प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठे आहे तेही कळतं, बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या अस्तरात, असेल तर ठीक, बोल्टच्या भोकात असेल तर गडबड. बारीक चीर बहुधा वेल्डच्या कडेला किंवा पत्र्याच्या घडीवर सापडते, धुऊन पुसून बॅटरीच्या उजेडात बघावं लागतं. अजून एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे इंजिनाची ताकद पुढे नेणारा ड्राइव्ह बेल्ट भराभर झिजायला लागणं. फ्रेम थोडी जरी पिळली तरी हा बेल्ट ज्या दोन क्लचवर फिरतो त्यांची लाइन बिघडते, मग माणूस बेल्टवर बेल्ट बदलत बसतो.

आता मजबुतीकरण. सगळ्यात साधा उपाय म्हणजे डाव्या-उजव्या माउंटना जोडणारी आडवी पट्टी, म्हणजे एका बाजूला बसलेला मार दोन्ही बाजूंत वाटला जातो. बोल्टच्या भोकांभोवती जाड प्लेट रिव्हेटने बसवतात, कोपऱ्यात गसेट, म्हणजे त्रिकोणी आधाराची प्लेट, देतात, बल्कहेडपासून हँडलच्या खांबापर्यंत नळ्यांचा त्रिकोण करतात. स्की-डूच्या 2003 च्या रेव्ह फ्रेममध्ये असा नळ्यांचा पिरॅमिड कंपनीतूनच आला. साधे पॉप रिव्हेट इथे चालत नाहीत, भार पेलणारे स्ट्रक्चरल रिव्हेट किंवा नट-बोल्टच लागतात.

वेल्डिंग मारताना मात्र दहादा विचार करावा. 6061-टी6 जातीचं अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने प्रक्रिया करून कडक केलेलं असतं, वेल्ड मारला की शेजारचा पट्टा मऊ पडतो, ताकद जवळपास 40 टक्क्यांनी उतरते, आणि पुढची चीर बरोबर तिथूनच जाते. म्हणून चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडून ती थांबवायची आणि वरून प्लेट रिव्हेट करायची ही पद्धत बरी. पोलारिसने 2011 च्या प्रो-आरएमकेमध्ये फ्रेमचे भाग चिकटवलेलेच आहेत, तिथे उष्णता दिली तर गोंदच जाईल. स्टीलची प्लेट अ‍ॅल्युमिनियमवर थेट बसवली तर ओलाव्यात गंज धरतो, रस्त्यावरचं मीठ लागलं तर फारच लवकर, त्यामुळे मध्ये रंग किंवा सीलंटचा थर हवाच. वाकलेला क्रोमोलीचा (एक मजबूत मिश्र पोलाद) आर्म सरळ करून गावापर्यंत जाता येतं, पण नंतर तो भंगारातच टाकावा, वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्पिंडल तर सरळ करूच नये.

कोणी किती मजबुती करावी हे गाडी कुठे चालते त्यावर आहे. डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फात पुढचा भाग जड झाला की नाक खाली रुतायला लागतं, म्हणून तिथले लोक हलके आर्मच ठेवतात आणि वाकले तर बदलतात. स्नोक्रॉसमध्ये, म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत, सतत उड्या असतात, त्या गाड्यांचं टनेल आणि बल्कहेड आधीच जाड केलेलं असतं. अलास्कातली आयर्न डॉग ही 1984 पासूनची शर्यत तर 2,000 मैलांच्या पुढे जाते, काही पट्ट्यांत बर्फच नसतो, नुसते गवताचे गड्डे आणि गोठलेली नदी. दोघांची टीम असते आणि बहुतेक दुरुस्ती स्वतःच करायची असते. टॉड पेलिन ही शर्यत चार वेळा जिंकलेला माणूस, 2008 मध्ये बर्फात दडलेल्या पिंपावर आदळून गाडीवरून उडाला, हात मोडला, तरी त्याच्या टीमने शर्यत पूर्ण केली आणि चौथा नंबर आला.