बायकांची वेगळी स्पर्धा म्हणजे खुल्या टेबलावर बंदी नव्हे

जळगावकडे मळ्यात भरीत-पार्टी रंगली, पत्ते निघाले, की कुणीतरी हमखास ठोकून देतो: ‘पोकरमध्ये बायांना पुरुषांसोबत बसूच देत नाहीत, म्हणून तर त्यांची स्पर्धा वेगळी!’

साफ चूक. लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या नामांकित स्पर्धामालिकेची मुख्य स्पर्धा सर्वांना खुली आहे. १९९५ साली बार्बरा एनराइट तिथे पाचवी आली. व्हेनेसा सेल्ब्स्टने आपली तिन्ही ब्रेसलेट (इथल्या विजेत्याला मिळणारं कडं) खुल्या स्पर्धांत जिंकली. आपली निकिता लूथर २०१८ मध्ये जोडीच्या स्पर्धेत जिंकली, जोडीदार पुरुषच होता.

उलट गंमत महिलांच्या स्पर्धेत आहे. पुरुषांना कायद्याने अडवता येत नाही, आणि काहीजण मुद्दाम घुसायचे. मग २०१३ पासून युक्ती निघाली: प्रवेश फी १०,००० डॉलर, महिलांना ९,००० ची सूट. घुसायचंय? मोजा दसपट!

वाद मात्र खरा आहे. काही महिला खेळाडूंना ही वेगळी चूल कमीपणाची वाटते. काहींना पहिल्यांदा टोमण्यांशिवाय बसायला मिळतं ते इथेच. मला दुसरी बाजू पटते. नऊ पुरुषांच्या टेबलावर एकटीनं बसून बघा, म्हणजे कळेल.