राष्ट्रीय कार्यक्रम की संगीत संमेलन? 'गाणं थंड वाटलं' म्हणण्याआधी एवढं वाचा

रेडिओवर शास्त्रीय गाणं ऐकून झालं की साधारण दोनच प्रतिक्रिया येतात, एक म्हणजे 'काय रंगलं होतं गाणं!' आणि दुसरी 'तयारी आहे हो, पण थंड वाटलं'. यातली पहिली बहुतेक वेळा आकाशवाणीच्या संगीत संमेलनाच्या वाट्याला येते आणि दुसरी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या. गवई तोच, राग तोच, कधीकधी तबल्यालाही तोच माणूस, आणि तरी लोक खुशाल लिहितात की त्या दिवशी बुवांचा मूड नव्हता. हे वाचून वाचून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदा नीट लिहितो.

किरकोळ गोष्टी आधी. दोन्ही कार्यक्रम आकाशवाणीचेच, दोन्ही बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते त्या काळात सुरू झालेले. राष्ट्रीय कार्यक्रम जुलै १९५२चा, शनिवारी रात्री साडेनऊ ही त्याची जुनी ठरलेली वेळ. संमेलन १९५४चं, वेगवेगळ्या शहरांत निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफली होतात, त्या रेकॉर्ड करून नंतर लावतात. निवेदन, कालावधी वगैरे फरक सोडून द्या, त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते एकाच गोष्टीने. संमेलनात गवयासमोर माणसं बसलेली असतात, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या स्टुडिओत नसतात.

मैफलीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला, पहिल्या रांगेतून 'क्या बात है' आलं की तो तीच जागा परत घेतो, जरा वेगळ्या अंगाने घेतो, तिथून त्याला नवीन काहीतरी सुचतं आणि आलापाची वाटच बदलते. म्हणजे दाद ही नुसती गाण्यावरची प्रतिक्रिया राहत नाही, ती गाण्यात शिरते. स्टुडिओत लाल दिवा लागला की समोर काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा आणि त्याची नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरवर. मान डोलवणारे फक्त साथीदार. अशा वेळी गवई कोणाच्या दादेची वाट बघत नाही, एकेक स्वर घेत बढत करत, म्हणजे राग हळूहळू उलगडत जातो, घड्याळ बघून विलंबित (संथ लयीतला भाग) आटोपतो आणि द्रुतला (जलद लयीला) येतो. गाणं बांधीव होतं. याला 'थंड' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा. संमेलनाच्या प्रसारणात टाळी आणि 'वाह' आपल्यालाही ऐकू येते, म्हणजे कुठे खूश व्हायचं ते कोणीतरी आधीच सांगून ठेवतं. ही उसनी दाद. ती काढून घेतली तर तीच तान तेवढीच आवडेल का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून बघावं. राष्ट्रीय कार्यक्रमात तुम्ही खोलीत एकटे असता, सम आली की 'वाह' तुमचं तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि ते आलं नाही की लोक दोष गवयाला देतात.

एक उदाहरण देतो. पूरिया घ्या. या रागाचा जीवच मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात आहे, गवई खाली निषादावर (नी या स्वरावर) येऊन थांबतो, आवाज अगदी बारीक करतो. स्टुडिओत माइक जवळ असतो, भिंती आवाज शोषून घेतात, त्यामुळे तो निषाद, त्याच्या आधीचा श्वास आणि मागचा तानपुरा तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात. हॉलमध्ये नेमकं तेव्हाच कोणीतरी खोकतं, खुर्ची सरकते, हॉलचा घुमारा तो स्वर पसरवून टाकतो. म्हणून विलंबित ख्याल ऐकायचा तर मी डोळे मिटून स्टुडिओचं रेकॉर्डिंग निवडीन, पूरिया-मारव्यासारखे राग तर नक्कीच. ठुमरी, जुगलबंदी, तबलावादन यांना मात्र समोर माणसं हवीतच, तिथे संमेलनच.

अजून एक घोळ म्हणजे प्रसारणाचा दोष गळ्याच्या माथी मारणं. मीडियम वेव्हवर स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे आवाजातला सगळ्यात उंच भाग फारसा पोचत नाही, एफएमवर तो पंधरापर्यंत पोचतो. तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारेच्या झणत्कारी नादाची चमक त्या वरच्या भागात असते, म्हणजे ती जातेच. शिवाय प्रसारणात हळू आवाज उचलतात आणि मोठा दाबतात, त्यामुळे गवयाने जीव ओतून केलेला लहान-मोठा आवाज घरी सपाट होऊन येतो. 'आवाजात चढउतारच नाही' असं लिहिणाऱ्यांनी तेच गाणं एकदा चांगल्या प्रतीच्या रेकॉर्डिंगवर ऐकावं आणि मग बोलावं.

जुनं, लेबल नसलेलं रेकॉर्डिंग हाती आलं तर टाळ्यांवरून लगेच 'संमेलनाचं' म्हणू नका, खासगी मैफलीतही टाळ्या असतातच. त्यापेक्षा साथ ऐका. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला (हार्मोनियमला) बंदी आली आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, त्यामुळे त्या काळात रेडिओवर गवयामागे बहुतेक सारंगी असायची, आणि पन्नाशीच्या दशकातल्या टेपवर पेटी खणखणीत वाजत असेल तर ते बहुधा रेडिओबाहेरच्या कुठल्या तरी मैफलीचं आहे.