हात कोणी कोणावर ठेवायचे? १९७० च्या नागपूर ऐक्याची पार्श्वभूमी

इसवी सन ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेनंतर पूर्वेकडच्या काही मंडळ्या वेगळ्या झाल्या, १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल दुरावले, १५१७ पासून पश्चिमेतच फूट पडत गेली. नागपुरात हे भेद त्या क्रमाने आले नाहीत. १८४५ मध्ये इथे आलेले स्कॉटिश मिशन ज्या मंडळीचे होते, तिला मूळ मंडळीतून फुटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, हा तिथला वाद. वैदर्भीय माणसाला त्याच्याशी काय देणेघेणे? तरी मिशनच्या शाळेबरोबर पंथही आलाच. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ चा. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, बिशप त्यानंतर आले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातल्या अँग्लिकन कॅथेड्रलच्या आवारात सहा प्रोटेस्टंट चर्चसंघ एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. वाटाघाटी चार दशके चालल्या होत्या आणि सर्वात मोठी अडचण होती पाळकांच्या दीक्षेची, म्हणजे त्यांना सेवेचा अधिकार देण्याच्या विधीची. अँग्लिकनांच्या मते प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या परंपरेतील बिशपाने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय दीक्षा पुरी नाही. प्रेस्बिटेरियनांकडे तो अधिकार पाळक आणि वडील (मंडळीतले नेमलेले ज्येष्ठ) यांच्या सभेचा, तर बाप्टिस्टांकडे स्थानिक मंडळीची मान्यता महत्त्वाची. मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, कोणी द्यायचे आणि कोणी घ्यायचे?

दक्षिणेत १९४७ मध्ये असेच ऐक्य होऊन ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ झाले, तेव्हा जुन्या पाळकांना आहे तसे स्वीकारले, नव्यांना बिशपांकडून दीक्षा दिली आणि तीस वर्षांत प्रश्न आपोआप मिटेल असे ठरवले. बाहेरच्या अँग्लिकनांनी मात्र पूर्ण सहभागिता, म्हणजे एकमेकांचे पाळक आणि प्रभुभोजन मान्य करणे, द्यायला हात आखडता घेतला. त्यामुळे उत्तरेत सुरुवातीलाच सर्वांनी परस्परांवर हात ठेवायचे ठरले. प्रार्थनेचा आशय असा, की प्रत्येकाला जे आवश्यक असेल ते देवाने द्यावे. ही पुनर्दीक्षा होती की नव्हती, हे मुद्दामच सांगितलेले नाही. अँग्लिकनांना त्यात त्रुटी भरून निघाल्याचे समाधान. बाकीच्यांना मात्र आपली आधीची सेवा अपुरी ठरवल्यासारखे वाटले, आणि त्यांची तक्रार रास्त होती. तोडगा हुशारीचा, पण तराजू एका बाजूला झुकलेला.

अमेरिकी परंपरेच्या मेथडिस्टांनी (हाही एक प्रोटेस्टंट पंथ) ऐन १९७० मध्येच या ऐक्यातून माघार घेतली. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आत, अमेरिकी बाहेर, हा गोंधळ तिथलाच.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी. त्याबाबत नव्या चर्चमध्ये दोन्ही रीती चालू राहिल्या. तान्ह्या बाळाला दिला तर पुढे दृढीकरण, म्हणजे मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. नाही तर बाळाचे समर्पण करून मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर बाप्तिस्मा. बालबाप्तिस्मा न पटणारा पाळक तो विधी दुसऱ्या पाळकाकडून करवून घेऊ शकतो. अडते ते लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुन्हा पाण्यात बुडवून घ्यायला निघाला की! दुसऱ्यांदा बाप्तिस्मा म्हणजे पहिला नाकारणे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर बाळाला बाप्तिस्मा, तैलाभ्यंग (पवित्र तेल लावणे) आणि प्रभुभोजन एकाच वेळी मिळते.

कॅथलिक वधू आणि प्रोटेस्टंट वर असले की हे सारे कागदावर उतरते. आधी बिशपांची परवानगी लागते. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचे नाव, दोन्ही असतील तर वराचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते. काही पेंटेकोस्टल गटांत (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या मंडळ्यांत) तो केवळ येशूच्या नावाने देतात. तो कॅथलिक चर्च मानत नाही. म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला हातात आला तरी तो कोणत्या चर्चचा, हे आधी पाहिले जाते.