टपाल मागोवा आणि त्याची विश्वासार्हता

टपाल मागोवा : पाठवलेली टपालवस्तू कुठवर आली हे तिच्या क्रमांकावरून पाहण्याची सोय, रोजच्या बोलण्यात ‘ट्रॅकिंग’. शब्दावरून वाटते की वस्तूवर कोणीतरी सतत डोळा ठेवून आहे. प्रत्यक्षात मागोवा म्हणजे वाटेत ठिकठिकाणी मारलेल्या शेऱ्यांची यादी. शेरा कुठे मारला आणि मारताना वस्तू हातात होती की नाही, यावर त्याचे खरेखोटेपण ठरते. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतीय टपाल खात्याच्या स्पीड पोस्टविषयी आहे. ही सेवा १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही तिच्यात विलीन झाले. महत्त्वाचे कागद आता बहुतांशी याच वाटेने जातात.

पाकिटावरचा तेरा चिन्हांचा क्रमांक जागतिक टपाल संघाच्या एस-१० या मानकानुसार असतो. आधी सेवा सांगणारी दोन रोमन अक्षरे, मग आठ आकडे, एक तपासणी अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. स्पीड पोस्टचा क्रमांक ‘ई’ने सुरू होतो, रजिस्टर्डचा ‘आर’ने, पार्सलचा ‘सी’ने. तपासणी अंक काढण्यासाठी आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणून बेरीज करतात, तिला ११ ने भागतात आणि बाकी ११ मधून वजा करतात (उत्तर १० आले तर ०, ११ आले तर ५ धरतात). १२३४५६७८ घेतल्यास बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा अंक ५. क्रमांक उतरवताना एखादा आकडा चुकला तर तो बहुधा इथेच पकडला जातो. क्रमांक नीट लिहिला आहे, एवढेच हा अंक सांगतो. वस्तू निघाली की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

काउंटरवरची पहिली नोंद सर्वांत भरवशाची असते. तिथे पाकीट वजनकाट्यावर असते, पैसे घेतले जातात, पावती फाडली जाते. त्यानंतर मात्र पाकीट एकटे प्रवास करत नाही. त्याच दिशेच्या इतर पाकिटांबरोबर ते थैलीत बंद होते, थैलीला स्वतःचा बारकोड मिळतो, आणि पुढच्या मुक्कामांवर स्कॅन होते ती थैली. थैलीत काय आहे हे संगणकाला ती बंद करताना केलेल्या यादीवरून ठाऊक असते. थैली पोहोचली की यादीतल्या प्रत्येक पाकिटाच्या नावे पोहोच लागते. पाकीट कोणी पाहिलेले नसते. वऱ्हाडाची बस आली म्हणजे सगळी मंडळी आलीच, असे धरून चालण्यातला हा प्रकार. नाव एका यादीत चढले आणि पाकीट शेजारच्या थैलीत पडले, तर मागोवा एकीकडे जातो आणि कागद दुसरीकडे. थैली उघडून एकेक नग तपासेपर्यंत ते कोणाला कळत नाही. म्हणूनच थैली उघडल्यानंतरच्या शेऱ्याचे मोल वाटेतल्या चार शेऱ्यांपेक्षा अधिक असते.

छाननी पिनकोडावर चालते. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्याने आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. काउंटरवर जो पिन टंकला गेला तोच थैलीची दिशा ठरवतो. खालचा हाताने लिहिलेला पत्ता नंतर वाचला जातो. सावंतवाडीचा पिन ४१६५१०, मिरजेचा ४१६४१०. एका आकड्याने पाकीट घाटाच्या दुसऱ्या बाजूला उतरते, आणि मागोवा पाहणाऱ्याला प्रत्येक टप्पा बिनचूक दिसत राहतो. याउलट शेजारच्या तालुक्याला धाडलेले पाकीट आधी दूरच्या शहरातल्या छाननी केंद्रात गेलेले दिसले, तर त्यात चूक नसते. टपाल केंद्रांमधूनच फिरते, एसटीसारखे गाव ते गाव जात नाही.

दोन शेऱ्यांमध्ये दोन-तीन दिवसांची शांतता असली की लोक अस्वस्थ होतात. पण थैली गाडीत असताना स्कॅन करायला कोणी नसते, त्यामुळे त्या शांततेतून काहीच निष्कर्ष निघत नाही. पाकीट हरवले असेल तरी तसेच दिसते, नागपूरच्या वाटेवर असेल तरी तसेच.

खरी कटकट शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे बटवड्याच्या वेळी होते. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ याचा अर्थ पाकीट सकाळी पोस्टमनच्या बीटाच्या यादीत चढले, इतकाच. तो बेत असतो, घडलेली गोष्ट नव्हे. पूर्वी पोस्टमन दारावरचा शेरा पाकिटावरच लिहून आणत असे आणि कार्यालयात परतल्यावर ते सगळे संगणकात चढवले जाई. त्यामुळे सकाळी अकराला हाती पडलेले पत्र मागोव्यात दुपारी चारला पोहोचलेले दिसे. आता पोस्टमनच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये दारातच सही घेता येते आणि वेळ पुष्कळ खरी ठरते. ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता अपुरा’, ‘घर बंद’ या शेऱ्यांपैकी शेवटचा सर्वांत कमजोर. बंद दाराला साक्षीदार नसतो, आणि दिवसभर घरात बसून असलेल्या माणसाला ‘घर बंद’ वाचावे लागते तेव्हा त्याचा संताप रास्तच असतो. ‘डिलिव्हर्ड’ या शब्दातही पाकीट नेमके कोणी घेतले हे उघड होत नाही. सोसायटीच्या वॉचमनने घेतलेलेही पोहोचलेलेच असते. ऑक्टोबर २०२५ पासून जादा शुल्क भरल्यास ओटीपी सांगितल्यावरच बटवडा करून घेता येतो. या दुखण्यावर आजवर काढलेला हा त्यातल्या त्यात नेमका उपाय.

देशातल्या सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालयांपैकी जवळपास नऊ-दशांश ग्रामीण भागात आहेत, आणि तिथे ग्रामीण डाकसेवक काम पाहतो. ‘दर्पण’ प्रकल्पातून डिसेंबर २०१७ पासून शाखा डाकघरांना हातात धरायची यंत्रे मिळू लागली. रेंज नसली की नोंद यंत्रातच अडून राहते. अशा गावात पत्र आधी पोहोचते आणि मागोवा मागून येतो.

परदेशी टपालात तर दोन देशांच्या दोन वह्या एकमेकींना जोडलेल्या असतात. दिवाळीच्या फराळाचा डबा पुण्याहून न्यू जर्सीला निघाला, की भारतीय बाजूचा शेवटचा शेरा देश सोडल्याचा असतो. पुढचे काहीही दिसायचे ते अमेरिकी टपालाने धाडलेल्या संदेशांवरून. तो संदेश पाठवलाच नाही किंवा उशिरा पाठवला, तर डबा मुंबईतच पडून आहे असे वाटत राहते. अशा वेळी तोच क्रमांक पोहोचण्याच्या देशाच्या संकेतस्थळावर घालून पाहणे बरे. ‘यू’ने सुरू होणाऱ्या स्वस्त पाकिटांना बारकोड असतो, पण मागोव्याचे वचन नसते.

न्यायालयात या शेऱ्यांना वेगळेच वजन येते. चेक न वटल्याची नोटीस योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवली असेल, तर साधारण कलम अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार ती पोहोचली असे गृहीत धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या सी. सी. अलवी हाजी खटल्यात हेच उचलून धरले. नोटीस मिळालीच नाही हे दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. म्हणून वकील मंडळी मागोव्याचे पान वेळेत छापून प्रकरणाला जोडतात. संकेतस्थळावर ते कायम राहत नाही.

शेरा चुकला म्हणून टपाल खात्याला जबाबदार धरणे मात्र अवघड. १८९८ च्या कायद्यात खात्याला दिलेले संरक्षण त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या टपाल कार्यालय अधिनियमातही कायम आहे. नियमांनी ठरवून दिले असेल तेवढेच दायित्व. अनेक वर्षे लागू असलेल्या नियमानुसार स्पीड पोस्टला उशीर झाला तर भरलेले शुल्क परत मिळते, आणि वस्तू हरवली तर शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते.