गॅसपासून इंधन : कॅटॅलिस्ट घ्यायच्या आधी एवढं वाचा

दिंडोरी साइडचे वायनरीवाले असोत नाहीतर सिन्नरकडचे बायोगॅसवाले, आमच्याकडे आले की पहिला प्रश्न हाच, टाकीतून एवढा कार्बन डायऑक्साइड फुकट जातोय, त्याचं इंधन होईल का? होतं की. एक किलो साखर आंबली तर जवळपास अर्धा किलो हा गॅस सुटतो, त्यामुळे मालाला तोटा नाही. पण कॅटॅलिस्टच्या (रिअ‍ॅक्शनला वेग देणारा पण स्वतः न संपणारा पदार्थ) गोळ्या विकायचा धंदा आमचाच असला तरी स्पष्ट सांगतो, नुसत्या गोळ्या घेऊन काही होत नाही.

हा गॅस म्हणजे आधीच जळून झालेला माल, त्यात जाळण्यासारखं काही उरलेलंच नसतं, सगळा दम वरून मिसळायच्या हायड्रोजनमधून येतो आणि कॅटॅलिस्ट फक्त रिअ‍ॅक्शन लवकर आणि हव्या त्या दिशेला नेतो. निकेल वापरलं की मिथेन, म्हणजे सीएनजीत असतो तोच (ही रिअ‍ॅक्शन फ्रान्सच्या पॉल साबातिएंच्या नावाने ओळखतात, त्यांना धातूच्या बारीक कणांच्या मदतीने सेंद्रिय पदार्थांना हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीसाठी 1912 चं नोबेल मिळालं). तांबं, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनाची काळी गोळी वापरली की मिथेनॉल, म्हणजे इंधन म्हणून जळणारं पण विषारी अल्कोहोल, त्याला 220 ते 270 डिग्री आणि 50 बारच्या (हवेच्या दाबाच्या साधारण 50 पट) वर प्रेशर लागतं, म्हणजे शेडमध्ये जुगाड करून बघायचं काम नाही हे.

आता हिशोब. 44 किलो गॅस आणि 6 किलो हायड्रोजन दिला तर जास्तीत जास्त 32 किलो मिथेनॉल आणि 18 किलो पाणी मिळतं, आणि तो 6 किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला साधारण 300 युनिट वीज जाते. तीच वीज नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या वीज केंद्राची असेल तर युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड तिकडे चिमणीतून निघतो, म्हणजे इकडे 44 वाचवले आणि तिकडे 300 सोडले. सोलर नसेल तर या भानगडीत पडूच नका.

दुसरं, गंधक. कोंबडीखताच्या बायोगॅसला सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो गंधकाचा गॅस हायड्रोजन सल्फाइड निकेल आणि तांबं दोन्ही मारतो, आणि एकदा मेलेली गोळी बहुतेक वेळा परत उठत नाही. म्हणून गॅसचा लॅब रिपोर्ट बघितल्याशिवाय आम्ही ऑर्डरच घेत नाही, गंधक काढायला आधी आयर्न ऑक्साइडचा टॉवर, मग उरलेलं धरायला झिंक ऑक्साइडची गार्ड बेड, त्यानंतर आमचा माल. वायनरीचा गॅस त्या मानाने बराच स्वच्छ, पण तपासायचा तोही.

गोळ्या ऑक्साइड रूपात येतात, सुरू करताना त्याचा धातू करायला नायट्रोजनमध्ये थोडाच हायड्रोजन मिसळून सावकाश तापवायच्या, घाई केली तर बेड (रिअ‍ॅक्टरमधला गोळ्यांचा थर) एकदम तापतो आणि 300 च्या पुढे गेलं की तांब्याचे कण एकमेकांना चिकटून कामातून जातात. वापरलेल्या गोळ्या रिअ‍ॅक्टर उघडून तशाच भंगारात देऊ नका, हवा लागली की पेट घेऊ शकतात, आधी आम्हाला कळवा.

आणि वायनरीवाल्यांनो, मिथेनॉल वाईनच्या टाक्यांजवळ अजिबात ठेवायचं नाही. थोडं जरी पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. वेगळी खोली, वेगळे पंप, वेगळे कॅन, कुलूप लावून.