टाके नाहीत, तरी सहा आठवडे जपायचं ते का?

दुर्बिणीतून प्रोस्टेटचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या, वाढून लघवी अडवणाऱ्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालं की पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतो. पोटावर एकही टाका नसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं, सुटलो. मग दहा-बारा दिवसांनी लघवी पुन्हा लाल होते आणि सगळ्यांचे धाबे दणाणतात.

जखम असते, फक्त ती दिसत नाही. पूर्वी ती दिसायची. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं काढून लंडनला परतलेले आयरिश सर्जन पीटर फ्रेयर 1900 च्या सुमारास ओटीपोट आणि मूत्राशय उघडून वाढलेली गाठ बोटाने सोलून काढत. नंतर पोटातून जाड नळी बाहेर ठेवलेली असे आणि ती वाट बुजेपर्यंत पेशंट कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला.

1926 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातूनच आत जाणारं रिसेक्टोस्कोप आणलं. विजेच्या तारेने गाठ आतल्या आत खरवडायची. कापाकापी टळली, रक्तस्राव मात्र राहिला. त्यावर फ्रेडरिक फोली यांच्या फुग्याच्या कॅथेटरने, म्हणजे मूत्राशयात ठेवायच्या नळीने, मोठा आधार दिला. आजही वॉर्डात स्टँडला सलाइनच्या मोठ्या पिशव्या टांगलेल्या असतात, तीन तोंडांच्या कॅथेटरमधून मूत्राशय सतत धुतलं जातं आणि नर्स बघते ती पिशवीतल्या लघवीचा रंग. तो फिका झाला की नळी काढायचं ठरतं.

धुण्याच्या पाण्याचाही धोका होता. जुन्या यंत्रात सलाइन चालत नसे, कारण त्यातून वीज पसरते. म्हणून ग्लायसीनचं द्रावण वापरत. ते रक्तात जास्त शोषलं गेलं की सोडियम घसरून पेशंट भ्रमिष्टासारखा वागू लागे, म्हणून ऑपरेशन तासाभरात आवरावं लागे. बायपोलर (वीज यंत्राच्या टोकापाशीच फिरवणारं तंत्र) आणि लेझर आल्यावर सलाइन चालू लागलं. 1990 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग यांनी होल्मियम लेझरने अख्खी गाठ सोलायची पद्धत बसवली. फ्रेयर यांचं बोट ज्या थरातून फिरे, त्याच थरातून आता लेझर फिरतो. यात नळी बहुधा दुसऱ्या दिवशीच निघते.

पण आतली खपली आपल्याच वेळेने सुटते. तेव्हा थोडं रक्त दिसतं, ते भरपूर पाणी प्यायल्यावर सहसा निवळतं. लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या किंवा लघवी अडली, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठावं. जळजळ आणि घाईची लघवी काही आठवडे राहते. वजन उचलणं, कुंथणं साधारण सहा आठवडे टाळायचं. बद्धकोष्ठ होऊ न देणं मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाफेच्या रेझूम उपचारात तर काहीच कापून काढत नाहीत. आधी सूज येते, मेलेला भाग शरीर हळूहळू शोषतं, आणि धार मोकळी व्हायला कधी कधी तीन महिनेही लागतात.